पेढे न येणाऱ्या वॉर्डांचे आभार

प्रसूती कक्षात पेढे येतात. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत असं कळलं की घरचं कुणीतरी खाली धावतं आणि बॉक्स घेऊन येतं. पहिला पेढा डॉक्टरांना, मग सिस्टरांच्या टेबलावर, उरलेसुरले मावशींच्या हातावर. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर मेडिसिनचा वॉर्ड असतो, पलीकडे आयसीयू, कुठे भाजलेले पेशंट, कुठे किमो घेणारे. तिथेही सिस्टर, ब्रदर, रेसिडेंट, मावशी, मामा तीन पाळ्यांत राबत असतात, आणि बहुतेक वेळा एकाच पेशंटपाशी आठवडेच्या आठवडे राबतात. तिथे पेढे येत नाहीत. तिथून माणूस कधी अर्धवट बरा होऊन घरी जातो, कधी पुन्हा भरती होण्यासाठीच जातो, आणि कधी पांढऱ्या चादरीत जातो.

आरोग्यसेवेतल्या लोकांबद्दल समाज कृतघ्न झालाय, ही तक्रार हल्ली वारंवार ऐकू येते. मला ती तशीच्या तशी पटत नाही. आपण आभार मानतो, भरभरून मानतो. पण ते निकालाचे असतात. काम कसं झालं याकडे आपलं लक्षच नसतं. पेशंट वाचला तर डॉक्टर देव, आणि गेला तर तोच डॉक्टर कसाई. या दोन्ही शब्दांत एक गोष्ट सारखी आहे: समोरचा माणूस काय करत होता, त्याच्या हातात किती होतं, हे दोन्ही वेळा आपण पाहिलेलंच नसतं. देव म्हटल्यावर त्याच्या हातात सगळं असतं असं आपोआपच ठरतं, आणि सगळं हातात असूनही वाचवलं नाही म्हणजे मुद्दाम मारलं, हा पुढचा निष्कर्ष तिथून एका पावलावर आहे. म्हणून ‘देवदूत’ हा शब्द ऐकला की मला आनंद होण्याऐवजी काळजी वाटते.

ही काळजी उगाच नाही. मार्च 2017 मध्ये धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात डोक्याला मार लागलेल्या एका पेशंटच्या नातेवाइकांनी ड्युटीवरच्या तरुण निवासी डॉक्टरला इतकं मारलं की त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. पेशंटला दुसरीकडे न्या, इथे मेंदूच्या शस्त्रक्रियेची सोय नाही, असं त्याने सांगितलं होतं. सोय नसणं हा त्याचा गुन्हा नव्हता. पण जो समोर होता त्याला मार बसला. त्यानंतर राज्यभरातले निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, रुग्णालयांत सुरक्षारक्षक वाढवले गेले. कायदा तर त्याच्या कितीतरी आधीचा होता. वैद्यकीय कर्मचाऱ्यांवरच्या हल्ल्यांसाठी महाराष्ट्राने 2010 मध्येच खास कायदा केला आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड आणि मोडतोड केली तर नुकसानीच्या दुप्पट भरपाई. आज कुठल्याही सरकारी रुग्णालयाच्या दारातून आत गेलं की भिंतीवर या कायद्याचा फलक दिसतो. आजारी माणसाला घेऊन आलेला नातेवाईक तिथे पहिल्यांदा काय वाचतो, तर हल्ला केल्यास होणारी शिक्षा. फलक गरजेचा आहे, मी नाकारत नाही. पण दोन माणसांमधली ओळख त्या वाक्याने सुरू व्हावी याचं मला फार वाईट वाटतं.

2020 सालाने तर हे सगळं उघडं पाडलं. 22 मार्चला संध्याकाळी पाच वाजता देशभर थाळ्या वाजल्या, टाळ्या झाल्या, शंख फुंकले गेले. ज्यांनी वाजवल्या त्यांच्या मनात खोट होती असं मी म्हणणार नाही. गॅलरीत उभ्या असलेल्या अनेकांचे डोळे खरोखर भरून आले होते. पण त्याच आठवड्यांत ड्युटी करून घरी येणाऱ्या नर्सला आणि डॉक्टरला ‘खोली रिकामी करा’, ‘लिफ्ट वापरू नका’ असं सांगितल्याच्या बातम्या शहराशहरांतून येत होत्या. शेवटी थाळ्या वाजल्यानंतर बरोबर एका महिन्याने, 22 एप्रिलला, केंद्राला अध्यादेश काढून 1897 च्या साथरोग कायद्यात दुरुस्ती करावी लागली आणि आरोग्य कर्मचाऱ्यांवरच्या गंभीर हल्ल्यासाठी सात वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद करावी लागली. सगळ्या देशाने एकदम सगळ्यांचे आभार मानले, तेव्हा ते कुणा एकाला पोचलेच नाहीत. ‘कोरोना योद्धा’ ही एक मूर्ती होती. आपल्याच मजल्यावर राहणारी, रात्री दहाला थकून जिना चढणारी सिस्टर त्या मूर्तीत कुणाला दिसली नाही.

कामाचे आभार म्हणजे काय हे समजून घ्यायचं असेल तर मुंबईच्या केईएम रुग्णालयाकडे पाहावं लागतं. 27 नोव्हेंबर 1973 ला तिथल्या तरुण परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर रुग्णालयातल्याच एका सफाई कर्मचाऱ्याने अमानुष हल्ला केला. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही आणि त्या पुन्हा कधीच भानावर आल्या नाहीत. मुंबईतल्या परिचारिकांनी तेव्हा सुरक्षिततेसाठी संप केला. त्यानंतर जे सुरू झालं त्याला बातमीमूल्य नव्हतं. 18 मे 2015 ला त्यांचं निधन होईपर्यंत, म्हणजे एक्केचाळीस वर्षांहून अधिक काळ, केईएमच्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. पिढ्या बदलल्या. ज्यांनी सुरुवात केली त्या निवृत्त झाल्या, आणि हल्ल्याच्या वेळी ज्यांचा जन्मही झाला नव्हता अशा मुलींनी त्यांना मऊ करून घास भरवले, अंग पुसलं, कूस बदलली.

कूस बदलणं हे दोन शब्दांचं काम कसं असतं ते ज्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे त्यांना विचारा. निपचित पडलेलं शरीर आपलं वजन पेलायला काहीच मदत करत नाही. दर दोन तासांनी एका हाताने खांदा, एका हाताने कंबर धरून त्याला कुशीवर घ्यायचं, पाठीला, माकडहाडाला, टाचांना लाली आली आहे का ते पाहायचं, पाठ पुसून कोरडी करायची, गुडघ्यांच्या मध्ये उशी घालायची, खालच्या चादरीला एकही सुरकुती राहू द्यायची नाही. हे एकदा चुकलं तर काही दिसत नाही. चार दिवस चुकलं की कातडी फाटते आणि मग ती जखम महिनोन्‌महिने भरत नाही. अरुणाताईंना इतक्या वर्षांत बेडसोर होऊ दिले नाहीत, ही गोष्ट केईएमच्या लोकांच्या कामाबद्दल बोलताना नेहमी सांगितली जाते, आणि ती ऐकून साधारण वाचक पुढे जातो. नर्सिंगमधला माणूस मात्र तिथे थबकतो, कारण त्या एका वाक्यात किती हजार रात्री आहेत हे त्याला माहीत असतं.

अरुणाताईंना दयामरण मिळावं यासाठी झालेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 7 मार्च 2011 ला निकाल दिला. त्या निकालाची चर्चा दयामरणाच्या अंगाने खूप झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण त्याच निकालात न्यायालयाने केईएमच्या कर्मचाऱ्यांची तोंड भरून प्रशंसा केली आहे, आणि अरुणाताईंच्या वतीने निर्णय घेण्याच्या दृष्टीने त्यांची खरी जवळची माणसं म्हणजे इतकी वर्षं सेवा करणारे हे कर्मचारीच, असं मानलं आहे. माझ्या मते आपल्या सार्वजनिक जीवनातलं आभाराचं हे सगळ्यात नेमकं उदाहरण आहे. इथे कुणी बरं झालं नव्हतं, होणारही नव्हतं. उपचारांचा निकाल शून्य होता. न्यायालयाने जे पाहिलं ते रोजचं काम होतं, ते कुणी केलं हे पाहिलं, आणि त्या कामामुळे त्यांना एक अधिकार मिळतो असं लिहून ठेवलं.

घरातली एक गोष्ट सांगते. माझे सासरे अर्धांगाच्या झटक्यानंतर एका सरकारी रुग्णालयात होते आणि तिथेच गेले. दिवसकार्य झाल्यावर आम्ही दोघं त्यांच्यासाठी घेतलेली हवेची गादी वॉर्डाला द्यायला गेलो. सिस्टर-इनचार्जनी आम्हाला ओळखलं आणि त्यांचा चेहरा एकदम सावध झाला. “दाखल्यात काही चुकलंय का?” असं त्यांनी विचारलं. नाही म्हटल्यावर त्या गप्प उभ्या राहिल्या, आमची तक्रार काय आहे ते ऐकायला. गेलेल्या पेशंटचे नातेवाईक परत येतात ते मृत्यूच्या दाखल्यातली स्पेलिंग दुरुस्त करायला, नाहीतर भांडायला. तिसरं कारण त्यांच्या सवयीत नव्हतं. आम्ही गादी दिली, आणि रात्रपाळीच्या ब्रदरने नवऱ्याला कूस बदलायला शिकवलं होतं, बाबा बोलत नसतानाही “आजोबा, आता वळवतो हं” असं सांगूनच तो हात लावायचा, एवढं त्यांच्या टेबलावर बसून एका कागदावर लिहून दिलं. त्यांनी कागद वाचला आणि म्हणाल्या, “विद्यार्थिनींचंही लिहा ना. नळीतून फीड त्याच द्यायच्या.” आम्ही तेही लिहिलं. स्वतःबद्दल त्यांनी एक शब्द लिहायला सांगितला नाही.

यावर कुणी म्हणेल, बरं वाटलं असेल त्यांना, पण त्याने आरोग्यव्यवस्थेत काय फरक पडतो? फरक पडतो, आणि तो थेट पुढच्या पेशंटच्या तब्येतीत पडतो. इस्रायलमधल्या संशोधकांनी नवजात अतिदक्षता विभागातल्या पथकांवर दोन प्रयोग केले. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या प्रयोगात 24 पथकांना, पुतळ्याच्या रूपातल्या एका अपुऱ्या दिवसांच्या बाळाची ढासळती तब्येत हाताळायची होती. त्यातल्या काही पथकांना आधी एका परदेशी तज्ज्ञाकडून ऐकवण्यात आलं की इथल्या वैद्यकीय सेवेबद्दल त्याचं मत काही चांगलं नाही, असे लोक त्याच्या विभागात आठवडाभरही टिकले नसते. एवढ्या एका शेऱ्याने त्या पथकांचं निदानही घसरलं आणि हातातलं कामही. माणसं एकमेकांना माहिती सांगेनाशी झाली, मदत मागेनाशी झाली. 2019 मध्ये त्याच धर्तीवर 43 पथकांवर उलटा प्रयोग झाला: सुरुवातीला काहींना कृतज्ञतेचे शब्द ऐकवले गेले. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या आईने मानलेले आभार ज्यांनी ऐकले त्यांचं काम सुधारलं, आणि सुधारणेचं मुख्य कारण पुन्हा तेच निघालं, पथकातली माणसं एकमेकांना जास्त माहिती देत होती. तज्ज्ञ डॉक्टरच्या कौतुकाचा तेवढा परिणाम दिसला नाही. आईच्या शब्दांचा दिसला.

आपल्या वॉर्डांत हे कसं घडत असेल ते ओळखणं कठीण नाही. पाळी बदलताना सिस्टर एकमेकींना जे सांगतात, म्हणजे बेड नंबर सातची लघवी कमी झालीय, अकराच्या सलाईनचा हात सुजलाय, चारच्या आजी काल रात्रीपासून गप्प गप्प आहेत, त्यातलं शेवटचं वाक्य केसपेपरवर कुठेच नसतं. ते सांगायचं की नाही हे सांगणारीच्या मनावर असतं. दिवसभर शिव्या खाल्लेली बाई नेमून दिलेलं काम करेल, कारण ते करावंच लागतं. आजी गप्प आहेत हे वाक्य मात्र गळेल. आणि कधी कधी तेच वाक्य जीव वाचवणारं असतं.

आता पगाराचा मुद्दा, जो टाळून या विषयावर प्रामाणिकपणे बोलताच येत नाही. टाळ्यांवर घर चालत नाही. खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या पगारासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी 2016 मधल्या आदेशानंतर केंद्राने समिती नेमली. अगदी छोट्या, पन्नासपेक्षा कमी खाटांच्या नर्सिंग होममध्येही महिना 20,000 रुपयांच्या खाली पगार नको, अशी शिफारस त्या समितीने केली. ही शिफारस होऊन इतकी वर्षं झाली तरी तालुक्याच्या गावातल्या कुठल्याही छोट्या रुग्णालयातल्या सिस्टरला हळूच विचारून पाहा. म्हणून ‘आम्ही बिल भरलंय, आभार कसले?’ हा प्रश्न मला पटत नाही. बिल रुग्णालयाला गेलं. रात्री तीन वाजता तुमच्या आईची उलटी हातात धरणाऱ्या मुलीला त्यातलं किती पोचलं?

आशाताईंचं तर विचारूच नका. 2005 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं आणि गावागावांत आशा, म्हणजे गावातल्याच आरोग्य स्वयंसेविका, नेमल्या गेल्या. बाळ जन्मलं की तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशा त्या घरी जाते. वजनकाटा, थर्मामीटर घेऊन. बाळ नीट पितं का, अंग गार पडलंय का, नाळेला पू आहे का, छाती आत ओढली जातेय का हे बघते. या पद्धतीचं मूळ गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी शिकवून बालमृत्यू कसे कमी करता येतात ते दाखवलं, 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते प्रसिद्ध झालं आणि पुढे ते देशाचं धोरण झालं. त्या सहा भेटींसाठी आशाला मिळणारा मोबदला ठरला 250 रुपये. मे 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या दहा लाखांहून अधिक आशांचा जागतिक सन्मान केला, त्याचा मला अभिमान वाटला. त्यानंतर दोन वर्षांच्या आत महाराष्ट्रातल्या आशांना मानधनासाठी संप करून आझाद मैदानात बसावं लागलं. सन्मान खोटा होता असं मी म्हणत नाही. पण ज्या गावांनी आपल्या आशाताईचं काम रोज डोळ्यांनी पाहिलंय, त्या गावांतले किती लोक तिच्या संपाच्या वेळी ग्रामसभेत उभे राहून ‘हिचं मानधन वाढवा’ असा ठराव मांडायला पुढे आले? तिला शाल-श्रीफळ देणं सोपं आहे. तिच्या मागणीवर सही करणं हेही आभार मानणंच आहे, आणि माझ्या लेखी जास्त मोलाचं.

दुसरी अडचण जरा नाजूक आहे. आपल्याकडे प्रसूती कक्षाबाहेर ‘खुशी’ मागितली जाते. मुलगा झाला तर जास्त, मुलगी झाली तर कमी, आणि पैसे हातावर पडेपर्यंत बाळ दाखवायला टाळाटाळ. गरीब घरच्या बाईला हा अनुभव आला असेल तर तिच्यासमोर आभाराची भाषा करायला मला संकोच वाटतो. त्याला आभार म्हणतच नाहीत, ती वसुली आहे, आणि तिची तक्रार व्हायला हवी. उलट मला असं दिसतं की कामाकडे बघून आभार मानायची सवय असलेला माणूस तक्रारही नीट करतो. कुणी, कधी, काय केलं हे त्याला माहीत असतं. ज्याला सगळं रुग्णालय एकतर देवाचं वाटतं नाहीतर चोरांचं, त्याची तक्रार म्हणजे नुसता आरडाओरडा, आणि ज्याने खरोखर हलगर्जीपणा केला तो त्या गोंगाटात सुटतो.

मग हे आभार मानायचे कसे? जवळच्या माणसाचे आभार मानले तर ‘परकं समजता का?’ म्हणून रागावणारे आपण लोक. त्यामुळे तोंडाने बोलणं अनेकांना जड जातं, आणि त्यात काही गैर नाही. लिहा. आणि लिहिताना ‘सर्व स्टाफचे आभार’ असं मोघम लिहू नका. नाव लिहा, तारीख लिहा, वॉर्ड लिहा, काय केलं ते एका वाक्यात लिहा: अमुक रात्री रक्ताची पिशवी मिळत नव्हती तेव्हा रक्तपेढीतल्या तंत्रज्ञाने तीन ठिकाणी फोन केले, 108 च्या गाडीतल्या डॉक्टरने घाटात गाडी थांबवून श्वास मोकळा केला. ते पत्र अधिसेविकेला, अधीक्षकांना, तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना द्या आणि एक प्रत त्या माणसाला द्या. सरकारी नोकरीत माणसाबद्दल वर जाणारा कागद बहुतेक वेळा कारणे दाखवा नोटीस नाहीतर तक्रार असतो. फाइलमध्ये दुसऱ्या प्रकारचा एक कागद लागला तर बदलीच्या, चौकशीच्या वेळी तो तिच्या बाजूने बोलतो.

रुग्णालयांनीही थोडं करावं. डिस्चार्ज कार्डावर युनिटच्या प्रमुख डॉक्टरांचं नाव असतं, ज्यांना पेशंटने राऊंडच्या वेळी पाच मिनिटं पाहिलेलं असतं. ज्या सिस्टरने त्याला दहा दिवस सांभाळलं तिचं नाव त्यावर कुठेच नसतं. ते छापायला काही खर्च येत नाही. तक्रारपेटीच्या शेजारी कागद-पेन ठेवायलाही येत नाही. आणि जिथे मृत्यू जास्त होतात त्या वॉर्डांकडे, शवागारातल्या मामांकडे, मुद्दाम लक्ष द्यावं. घरच्यांना त्या दिवशी काही सुचत नसतं, हे खरं आहे. महिन्याभराने सुचतं. मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती घ्यायला कुणीतरी येतंच. तेव्हा पाच मिनिटं काढून तो माणूस वर वॉर्डात गेला, तर टेबलामागची सिस्टर आधी दचकेल. दचकू द्या, आणि मग तिला सांगा की आपण कशासाठी आलोय.